ट्रम्पेट घेतलास, आता माणसं जोड

ट्रम्पेट घेतलास, छान केलंस. रोज आधी लांब सूर धर. ओठ थकले की थांब, दामटून वाजवू नकोस. पण खोलीत एकटाच यूट्यूब लावून बसलास तर जॅझ येणार नाही.

तियात्र, म्हणजे गोव्याचं गाण्यांनी भरलेलं कोकणी नाटक, बघायला जा आणि बँडच्या जवळची खुर्ची धर. गायकाच्या दोन ओळींमधली जागा ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनवाले कशी भरतात, ते कान देऊन ऐक. तियात्राला आजही जिवंत बँड लागतो, म्हणून वादकांची चूल पेटते. फेस्ताचा, म्हणजे चर्चच्या सणाचा ब्रास बँड, लग्नाची पार्टी, यांनाही कमी लेखू नकोस. जॅझ ऐकणारे मूठभर. पोट इथेच भरतं, हातही इथेच बसतो.

गोव्यातल्या हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट मुंबईत जॅझ वाजवून गाजले, संगीतकार सी. रामचंद्रांसोबतही त्यांनी काम केलं. त्या पिढीतल्या कितीतरी गोवेकर वादकांना नोटेशन वाचायला चर्चच्या शाळेतल्या मास्तरांनी शिकवलं, आणि मुंबईत डोकं टेकायला गावकऱ्यांच्या कुडी, म्हणजे गावागावांनी चालवलेल्या राहायच्या जागा होत्या. नुसत्या प्रतिभेवर हे झालं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

तुझं नाट्यसंगीत सोडू नकोस. तान घेणाऱ्याला उपज, म्हणजे ऐनवेळी सुचेल तसं रचत जाणं, कळते; जॅझमध्येही तेच लागतं. नोटेशन मात्र शिकच. गावात जुने मास्तर असतील तर या आठवड्यातच त्यांना जाऊन भेट.