केजन पद्धतीची भेंडी-कोळंबी: चव नेमकी येते कुठून

आपला प्रश्न लक्षपूर्वक वाचला. शनिवारच्या बाजारातून ताजी भेंडी, मक्याची कणसे आणि टोमॅटो आणून, त्यात सोललेली गोठवलेली कोळंबी व तयार केजन मसाला सढळ हाताने घालूनही पदार्थ नुसताच खारट-तिखट लागला, भेंडीला तार सुटली आणि कोळंबी चिवट झाली, असे आपण लिहिले आहे. मी गेली सतरा वर्षे अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील बॅटन रूज येथे राहतो आणि या पद्धतीचा स्वयंपाक बायू टेश या संथ जलप्रवाहाच्या काठी वाढलेल्या एका शेजारीण आजींच्या स्वयंपाकघरात उभे राहून शिकलो. त्या अनुभवावरून सांगतो की आपली भाजी चांगली होती, कल्पनाही योग्य होती. चव मात्र आपण मसाल्याच्या बाटलीत शोधलीत आणि ती तिथे नसते.

केजन म्हणजे आजच्या कॅनडातील नोव्हा स्कॉशिया व आसपासच्या प्रदेशातून 1755 पासून इंग्रजांनी हुसकावून लावलेल्या फ्रेंच भाषक अकेडियन लोकांचे वंशज. दक्षिण लुइझियानाच्या दलदलीत, पाणथळ गवताळ प्रदेशात येऊन त्यांनी हाताशी असेल त्यावर एका भांड्यात, मंद आचेवर स्वयंपाक केला. भेंडी पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांबरोबर आली, आणि ‘गंबो’ हे तिथल्या दाट रश्शाचे नावच मुळात भेंडीच्या आफ्रिकी नावावरून आले, असे मानले जाते. त्यामुळे भेंडी आणि कोळंबी यांची जोडी आपण जुळवलेली असली तरी ती तिथल्या घराघरांत जुनीच आहे. तिला ‘स्मदर्ड ओक्रा’, म्हणजे झाकण ठेवून मंद आचेवर दम दिलेली भेंडी, म्हणतात. आपल्या सामानाला हाच पदार्थ सर्वांत शोभेल.

आधी मसाल्याचे. बाटलीवरील घटकांची यादी वाचून पाहा. बहुतेक तयार मिश्रणांत पहिले नाव मिठाचे असते, म्हणून चव कमी वाटली की आपण मसाला वाढवतो आणि प्रत्यक्षात मीठ वाढत जाते. घरी दोन चमचे पाप्रिका, एक चमचा सुका थाइम, एक चमचा लसूण पूड, आणि काळी मिरी, पांढरी मिरी व केयेन मिरची प्रत्येकी अर्धा चमचा असे मिश्रण बिनमिठाचे करून ठेवावे. ओपेलूसास येथे 1940 मध्ये जन्मलेले बल्लवाचार्य पॉल प्रुडोम, ज्यांनी 1979 मध्ये न्यू ऑर्लीन्समध्ये आपले उपाहारगृह उघडून केजन स्वयंपाक अमेरिकाभर पोहोचवला, ते तीनही मिऱ्या एकत्र वापरण्याबद्दल प्रसिद्ध होते, आणि करून पाहिल्यावर त्यामागचे कारण जिभेला कळते: लाल, काळी आणि पांढरी मिरी तोंडात एकाच जागी झोंबत नाही.

खरी चव कोळंबीच्या डोक्यांत आणि सालांत असते. शक्य असेल तर डोक्यासकट कोळंबी घ्यावी. लुइझियानात मे ते जुलैमध्ये तपकिरी कोळंबी येते, तिचा वास उग्र असतो व ती रश्शाला चांगली, तर ऑगस्टच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंतची पांढरी कोळंबी गोडसर आणि मऊ असते. एक किलो अख्ख्या कोळंबीतून सोलून निम्म्याच्या आसपास गर मिळतो. डोकी व साले चमचाभर तेलात गुलाबी होऊन खमंग वास सुटेपर्यंत परतावीत, त्यात कांद्याची टोके, सेलरीचा पाला, एक बे लीफ (लॉरेलच्या झाडाचे सुके पान) आणि दीड लिटर पाणी घालून अर्धा-पाऊण तास बारीक आचेवर ठेवावे आणि गाळून घ्यावे. आपले नेहमीचे तमालपत्र या जागी चालत नाही, कारण त्याचा वास दालचिनीकडे झुकतो आणि सगळा रस्सा पुलावाच्या वाटेने जातो. गोठवलेली सोललेली कोळंबीच मिळत असेल, तर पाकिटावर फॉस्फेटांचा उल्लेख नाही याची खात्री करावी. फॉस्फेटे पाणी धरून ठेवतात, आणि ते पाणी भांड्यात सुटून चव पातळ करते.

आता भेंडी. एक किलो कोवळी भेंडी धुऊन फडक्याने अगदी कोरडी करावी, हे मराठी घरात कुणाला सांगावे लागत नाही, आणि पेरभर नव्हे, अर्ध्या सेंटिमीटरच्या चकत्या कराव्यात. जाड बुडाचे स्टीलचे किंवा एनॅमलचे भांडे घ्यावे. लेप नसलेल्या बिडाच्या भांड्यात भेंडी काळी पडते, म्हणून एरवी बिडावर जीव असलेल्या आमच्या आजीही या एका पदार्थासाठी ते बाजूला ठेवत. पाव वाटी तेलात एक मोठा कांदा, एक हिरवी ढोबळी मिरची आणि सेलरीच्या दोन दांड्या बारीक चिरून घालाव्यात. ही तिघांची जोडी तिथे ‘ट्रिनिटी’ म्हणून ओळखली जाते. कांद्याच्या कडा तांबूस होईपर्यंत, म्हणजे वीस मिनिटे तरी, घाई करू नये. मग चार पाकळ्या लसूण, भेंडी, दोन पिकलेले टोमॅटो आणि एक चमचा व्हिनेगर घालून झाकण ठेवावे. पहिल्या पंधरा मिनिटांत उलथन्याबरोबर लांब तारा उचलल्या जातील आणि पदार्थ बिघडला असे वाटेल. तिथेच बहुतेकजण आच वाढवतात किंवा पाणी ओततात. तसे न करता मंद आचेवर, दर काही मिनिटांनी तळापासून हलवत राहावे. पाऊण तासाने तारा तुटू लागतात, तासाभराने चकत्यांचा आकार विरघळून भेंडी गर्द हिरवट-तपकिरी होते, बिया गुलाबी दिसतात आणि कडेने तेल सुटते. मी व्हिनेगरऐवजी कधीकधी दोन आमसुले टाकतो. रंग थोडा काळपट होतो, पण आंबटपणाला गोलाई येते.

या टप्प्यावर कोळंबीचे पाणी दीड-दोन वाट्या घालून दहा मिनिटे उकळू द्यावे, मसाला आणि मीठ चाखून घालावे, आणि अगदी शेवटी धागा काढलेली कोळंबी सोडावी. पौंडात 21 ते 25 नग बसतील अशा आकाराला तीन मिनिटे पुरतात: ती वळून इंग्रजी ‘सी’सारखी झाली की आच बंद करावी, पूर्ण वेटोळे झाले तर चिवटपणा आलाच. वरून कांद्याची पात चिरून घालावी आणि मध्यम दाण्याच्या, किंचित चिकट भातावर वाढावे. बासमतीवरून हा रस्सा ओघळून जातो.

मका मात्र या भांड्यात घालू नये, त्याचा गोडवा भेंडीत हरवतो. त्याची वेगळी ‘मॉक शू’ करावी: दाणे सुरीने कापून, रिकामे कणीस सुरीच्या पाठीने खरवडून निघणारे दूधही त्यात घ्यावे, आणि कांदा, ढोबळी मिरची, टोमॅटोबरोबर लोण्यात परतावे.

ताजी कोळंबी नसेल तेव्हाचा एक उपाय कोकणातल्या वाचकांना आवडेल. लुइझियानातही सुकी कोळंबी गंबोत घालतात. बाराटारिया उपसागरात खांबांवर उभारलेल्या मनिला व्हिलेज या फिलिपिनो वस्तीत कोळंबी मिठाच्या पाण्यात उकडून मोठ्या फळ्यांवर उन्हात वाळवत आणि त्यावर पायांनी नाचून तिची साले सुटी करत. ती वस्ती 1965 च्या बेट्सी चक्रीवादळात नष्ट झाली, तरी तो जिन्नस अजून दुकानांत मिळतो. घरून आणलेले सोडे कोमट पाण्यात भिजवून मी याच भेंडीत घातले आहेत, आणि भिजवलेले पाणीही टाकले नाही. फक्त मीठ निम्मे केले.

शिजवताना एकदम दुप्पट भेंडी घ्यावी, ही शेवटची सूचना. कोळंबी घालण्यापूर्वी निम्मी काढून, गार करून, डब्यात भरून गोठवावी. पांढरी कोळंबी येते तेव्हा तीच भेंडी गंबोचा पाया म्हणून वापरता येते. उरलेला रस्सा दुसऱ्या दिवशी गरम करायचा असेल, तर कोळंबी आधी वेचून बाजूला ठेवावी आणि ताटात वाढताना वरून सोडावी.