आईला सीआयडीपी आहे, म्हणजे पुण्यातलं ते जीबीएसच का?

प्रश्न : आईचं वय 58. दिवाळीनंतर जिना चढताना त्रास सुरू झाला, आम्हाला वाटलं गुडघे असतील, मग पायाला मुंग्या, चप्पल निसटली तरी कळत नाही, आता पोळ्या लाटतानाही हात गळून जातात. तीन महिने हळूहळू वाढतच चाललंय. न्यूरोलॉजिस्ट सीआयडीपी (नसांना सूज येऊन दीर्घकाळ चालणारा आजार) म्हणाले आणि स्टिरॉइड सुरू करायचंय. पण मामा म्हणतो जीबीएसमध्ये (गुलेन-बारे सिंड्रोम, ज्यात नसांवर अचानक हल्ला होऊन हातपाय गळतात) स्टिरॉइड चालत नाही. काय करू?
– एक मुलगी, सातारा

उत्तर : ताई, मामांचं म्हणणं जीबीएसपुरतं बरोबरच आहे, पण आईला जीबीएस नाहीये. दोन्हीत आपलीच प्रतिकारशक्ती नसांवर उलटते आणि नसांवरचं मायलिनचं आवरण खराब करते, मग मेंदूचा निरोप स्नायूपर्यंत उशिरा पोचतो नाहीतर वाटेतच अडकतो. फरक आहे तो वेळेचा. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रोड, किरकटवाडी भागात जीबीएसची जी साथ आली त्यात बऱ्याच जणांना आधी जुलाब झाले होते, काहींच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर जंतू सापडला, आणि मग काही दिवसांतच हातपाय गळाले. जीबीएस जास्तीत जास्त 4 आठवड्यांत टोकाला जातो, सीआयडीपी 8 आठवडे उलटले तरी वाढत राहतो किंवा बरा होऊन परत उलटतो. आणि यात स्टिरॉइड खरंच काम करतं. दुसरे पर्याय म्हणजे आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून दिलं जाणारं अँटीबॉडीचं औषध, जे रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून (रक्तातला पातळ भाग) बनतं आणि महाग पडतं, किंवा आईच्या रक्तातला प्लाझ्मा बदलणं.

स्टिरॉइडने शुगर, बीपी वाढतं, हाडं ठिसूळ होतात, तेव्हा भीती वाटणं साहजिक आहे, तपासण्या वेळेवर करा, पण बरं वाटलं म्हणून गोळ्या मनानेच एकदम बंद करू नका, ते धोक्याचं आहे. थांबून बघू असंही नको प्लीज, कारण आवरण परत तयार होऊ शकतं पण नसेच्या आतला तंतूच गेला तर ताकद पूर्ण येईलच असं नाही. आईला डायबिटीस असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, त्यातही पायाला मुंग्या येतात आणि गोंधळ होतो.

हा आजार संसर्गाचा नाही, नातवंडांना खुशाल जवळ येऊ द्या. गिळताना ठसका किंवा श्वास लागला तर मात्र रात्र असो की काही, लगेच हॉस्पिटल गाठा. फिजिओथेरपी आत्तापासूनच सुरू करा. आणि एक वही ठेवा, हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठता येतंय का, डब्याचं झाकण उघडतंय का, दर आठवड्याला तारीख टाकून लिहा, पुढच्या व्हिजिटला डोस कमी करायचा की वाढवायचा हे ठरवताना डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.