कोकणातल्या डोंगरावरच्या धनगरवाड्यांत लोक कसे राहतात? ते खाली गावात का येत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की ट्रेकला जाताना रत्नागिरी जिल्ह्यात सह्याद्रीच्या उतारावर एक वाडी लागली. घरं दहा-पंधरा, रस्ता नाही, म्हातारी माणसंच जास्त. आणि तुम्हाला प्रश्न पडला की ही माणसं खाली गावात का येत नाहीत. मी याच पट्ट्यात आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली, माझ्या उपकेंद्राला असे धनगरवाडे जोडलेले होते. म्हणून लिहिते.

आधी तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर. खाली यायला त्यांची ना नाही. खाली त्यांची जमीन नाही. बऱ्याच ठिकाणी वरही नाही.

गवळी धनगर पिढ्यान् पिढ्या म्हशी राखत आले. चारा डोंगरात, म्हणून वस्ती डोंगरात. तूप-लोणी घेऊन खाली यायचं, भात-मीठ घेऊन वर जायचं. जमीन खोताची, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराची, राहायला तोंडी परवानगी. १९५० मध्ये खोती गेली, कसणाऱ्याला जमीन देणारा कूळकायदाही झाला, पण ज्यांचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं त्यांच्या हाती फारसं काही लागलं नाही. आजही कित्येक धनगरवाड्यांत घर आजोबांनी बांधलेलं आणि घराखालची जागा सातबाऱ्यावर दुसऱ्याच्या नावावर, असं आहे. स्वतःच्या नावावर जागा नसेल तर सरकारी योजनेतलं घरकुल अडतं. जागा असली तरी १ लाख २० हजारांच्या मूळ अनुदानातून चिरे, सिमेंट, वाळू डोक्यावरून डोंगर चढवायची म्हटलं की अर्धे पैसे वाटेतच जातात.

रस्ता का होत नाही, तेही याच सातबाऱ्यात आहे. कोकणात गाव म्हणजे एका जागी वसलेली घरं नव्हेत, लांब लांब विखुरलेल्या वाड्या. खालच्या वाडीत एसटी येते आणि बोलताना सगळे म्हणतात, गावाला रस्ता आहे. वरच्या वाडीपर्यंतचा तीन-चार किलोमीटरचा पट्टा खासगी जमिनीतून जातो. एकेका सातबाऱ्यावर वीस-तीस सहहिस्सेदार, त्यातले निम्मे मुंबईत, काही वारलेले आणि वारसनोंद झालेली नाही. सगळ्यांच्या संमतीशिवाय काम पुढे सरकत नाही. मध्ये वनखात्याची जमीन आली की आणखी एक परवानगी. पंतप्रधान ग्रामसडक योजनेचा निकष सपाट भागात ५०० लोकवस्तीचा आणि डोंगरी राज्यांत, आदिवासी भागांत २५० चा. पन्नास-साठ माणसांची वाडी दोन्हीत बसत नाही.

रस्ता नसणं म्हणजे काय, ते मी डोलीवरून सांगते, कारण ते मी जवळून पाहिलंय. जाड बांबू घ्यायचा, घोंगडीची टोकं गाठी मारून त्याला झोळीसारखी बांधायची. माणूस बसू शकत असेल तर प्लास्टिकची खुर्ची दोरांनी बांधतात. उतरताना उंच माणूस पुढे लावतात, म्हणजे बांबू सरळ राहतो. एक जण कोयती घेऊन सगळ्यांच्या पुढे चालतो, वाटेवर आलेलं तोडतो, पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी किती आहे ते पाहतो. पावसाळ्यात तांबड्या मातीवर पाय ठरत नाही, तेव्हा बाजूने दोघं नुसते डोलीला हात लावून असतात. खांदे बदलायला किमान दोन जोड्या लागतात. म्हणजे एका आजाऱ्यासाठी सात-आठ धडधाकट गडी.

ते गडी आता वाडीत नाहीत, हीच माझ्या मते सगळ्यात मोठी अडचण. मुलं चिपळूणला, पुण्याला, मुंबईला कामाला गेली. रस्ता नाही म्हणून गेली, आणि ती गेल्यामुळे डोली उचलायला कोणी उरलं नाही. एकदा सातव्या महिन्यातल्या बाईला रक्तस्राव सुरू झाला, तेव्हा शेजारच्या वाडीतून माणसं बोलवावी लागली आणि ती येईपर्यंतचा वेळ तिच्या सासूने तिचा हात धरून काढला. १०८ ची गाडी खाली डांबरी रस्त्यावर उभी होती. बाई वाचली, बाळ नाही. त्यानंतर मी नववा लागला की प्रत्येक गरोदर बाईला खाली माहेरी नाहीतर ओळखीच्या घरी हलवण्याच्या मागे लागायचे. ‘म्हशींचं कोण करील?’ हा एकच सवाल यायचा आणि तो खोटा नव्हता.

लसीकरणाचं सांगते. कॅरियरमध्ये बर्फाच्या पिशव्या घालून लस खांद्यावरून वर न्यायची. आतलं तापमान २ ते ८ अंशांत राहायला हवं. गोवर-रुबेलाची लस एकदा कालवली की चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची. म्हणून वर पोचल्यावर, सगळ्या आया बाळं घेऊन जमल्यावरच बाटली फोडायची. एखादी आई गवताला गेलेली असेल तर तिची वाट बघत बसायचं. त्या वेळात ताक यायचं, ‘बाई, दमलात, आधी प्या’ म्हणून. पुढे येणारा ताकाचा तांब्या मला कधी नाकारता आला नाही.

विंचू आणि साप दोन्ही भरपूर. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनची गोळी चालते हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिलं. गोळी पिशवीतून वर नेता येते. फुरसं किंवा घोणस चावली तर तसं नाही. प्रतिसर्पविष शिरेतून, दवाखान्यातच द्यावं लागतं. तिथे पुन्हा डोली.

पाण्याचं ऐकून परगावच्यांना खरं वाटत नाही. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि एप्रिलमध्ये वाडीला पाणी नाही. जांभ्यातून, म्हणजे इथल्या तांबड्या सच्छिद्र दगडातून, पाणी मुरतं खरं, पण मुरतं तसं लवकर झऱ्यांवाटे खाली निघूनही जातं, आणि उरलेलं तीव्र उतारावरून थेट समुद्राकडे. मे महिन्यात बायका पहाटे झऱ्याशी बसून वाटीने हंडा भरतात. जलजीवन या सरकारी नळयोजनेच्या तोट्या काही वाड्यांत लागल्या, माणशी ५५ लिटरचा हिशोब आहे, पण ज्या झऱ्यावर योजना बांधली तोच आटला तर तोटी काय करणार? टँकर येतो तो रस्ता संपतो तिथपर्यंतच.

शेती म्हणाल तर वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीत नाचणी, वरी. रानडुकरं आणि वानरं ठेवतील तेवढी. म्हशी कमी झाल्या, शेळ्या बिबट्या नेतो.

आणि वर राहणं धोक्याचंही आहे. इर्शाळवाडी रायगड जिल्ह्यातली, तिथली माणसं ठाकर आदिवासी, पण परिस्थिती हीच. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली. गाडीरस्ता नव्हता, मोठी यंत्रं वर नेता आली नाहीत, बचाव पथकं पायी चढली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं मिळालीच नाहीत. ती वाडी दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत नव्हती. तेव्हापासून जोराचा पाऊस लागला की वरच्या वाडीतली बाई मला फोन करून ‘आज झोप नाही हो’ म्हणते, आणि मला काय बोलावं ते सुचत नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय की आम्ही शहरातले काय करू शकतो. वह्या, कपडे, फराळ नेताय ते न्या, पोरांना आनंद होतो. पण तुमचं किंवा तुमच्या मित्रांचं मूळ गाव कोकणात असेल तर घरातला सातबारा काढून बघा. त्यात डोंगराकडे जाणाऱ्या वाटेचा तुकडा असेल तर रस्त्यासाठी संमतीपत्र द्या, मेलेल्यांच्या वारसनोंदी करून घ्या. गणपतीत सगळे सहहिस्सेदार गावात असतात, आरतीला एकाच घरात जमतात. सरपंचांना आधी सांगून ठेवलं तर त्या चार दिवसांत सह्या होतात. माझ्या भागातल्या एका वाडीचा रस्ता असाच सुटला. अजून कच्चाच आहे, पण जीप वर जाते.