चोर बाजारात दिसलेलं फेवर-ल्युबा बिव्हुआक घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की मटण स्ट्रीटवर एका दुकानात उंची दाखवणारं जुनं फेवर-ल्युबा बिव्हुआक घड्याळ दिसलं, चालू आहे, डायल अगदी कोरी करकरीत आहे, तर घ्यावं का. माझ्याकडे हेच मॉडेल अकरा वर्षं आहे. आणि मला पहिली शंका येते ती त्या कोऱ्या डायलचीच. साठच्या दशकातल्या घड्याळाच्या डायलवरचा आणि काट्यांवरचा अंधारात चमकणारा रंग एव्हाना पिवळट पडलेला असायला हवा. जुन्या डायली पुसून नव्याने रंगवायचा धंदा आपल्याकडे इतका जोरात आहे की परदेशातले शौकीन अशा मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. कौतुकाने नव्हे!

फेवर-ल्युबा आपल्याला नवी नाही. ही स्विस कंपनी भारतात आली १८६५ मध्ये. तिची सी-किंग, सी-चीफ ही मॉडेलं आजही जुन्या कपाटांतून निघतात. बिव्हुआक मात्र वेगळं प्रकरण. १९६२ मध्ये आलं, गिर्यारोहकांसाठी. इटालियन गिर्यारोहक वॉल्टर बोनाती हे घालून आल्प्समध्ये चढायचा. पुढे बॅटरीवरच्या क्वार्ट्झ घड्याळांची लाट आली आणि अशा घड्याळांचा बाजारच उठला. टायटनने ब्रँड घेतल्यावर २०१७ मध्ये बिव्हुआक ९००० निघालं, पण ते नवं घड्याळ, त्याचा इथे संबंध नाही.

आतमध्ये चावीच्या मशीनबरोबर एक हवाबंद धातूची डबी असते. बाहेरचा दाब घटला की ती फुगते आणि लाल काटा ढकलते. काचेभोवतीच्या फिरत्या कड्यावर ३००० मीटरपर्यंत आकडे असतात. आपण उभे आहोत तिथली उंची काट्यासमोर आणायची आणि चढायला लागायचं. तुमचे पैसे या डबीचे आहेत. मशीन कुठलाही बरा घड्याळजी चालू करून देईल, डायलचं वर सांगितलंच. डबी गळकी निघाली तर मात्र बदली मिळणं जवळपास अशक्य.

ती तपासायची कशी? झिपची पारदर्शक पिशवी न्या. घड्याळ आत ठेवा, हवा भरलेली असतानाच झिप लावा आणि तळहाताने हलकेच दाबा. लाल काटा कमी उंचीकडे सरकला पाहिजे आणि हात उचलताच जागेवर आला पाहिजे. दोन-तीनदा करून पाहा. अडखळत सरकला तर घासाघीस करा, ढिम्म राहिला तर नमस्कार करून निघा.

एक गोष्ट मी ठेच लागून शिकलो. डबीला बाहेरची हवा लागते, म्हणून हे घड्याळ वॉटरप्रूफ नसतं. सर्व्हिसिंगला दिलं तेव्हा एका घड्याळजींनी प्रेमाने 'पावसाळ्याची काळजी नको' म्हणत हवेची वाट चिकटवून बुजवून टाकली. त्याच आठवड्यात पुण्याला निघालो होतो. कर्जतला मागे बँकर, म्हणजे घाटात गाडी ढकलणारं जादा इंजिन, लागला, गाडी घाट चढून लोणावळ्याला, म्हणजे सव्वासहाशे मीटरच्या आसपास पोचली, आणि माझा काटा अजून ठाण्यातच! ते खरवडून काढायला दुसऱ्याला पैसे मोजले. आता जून ते सप्टेंबर घड्याळ सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात असतं.

मुंबईत याचा उपयोग काय, असं घरचे विचारतात. गंमत आहे. जानेवारीत गिरगावच्या घरी कडं शून्यावर लावा आणि जुलैत डबा उघडून पाहा: काटा घराला सत्तर-ऐंशी मीटर वर नेऊन ठेवतो. चाळ तिथेच असते, पावसाळ्यात दाब उतरलेला असतो. हे माहीत नसलं तर दुकानात 'काटा चुकीचं दाखवतोय' म्हणून चांगलं घड्याळ सोडून याल.

शुक्रवारी जाऊ नका. दुकानं बंद असतात, बाहेर जुम्मा बाजार भरतो, त्या रेटारेटीत पिशवी दाबत बसणं जमायचं नाही. मधल्या वारी दुपारी जा, आणि पिशवी दाखवल्यावर दुकानदार चिडला तर तेही ध्यानात घ्या.