त्याच दाराशी परत जा

प्रिय पोरी,

तुझा निरोप वाचला. किल्ला झाला, सिद्धेश्वराचं देऊळ झालं, तळ्याकाठी फोटो झाले, चादरी घेतल्या, शेंगाचटणी बांधून घेतली, आणि तरी "सोलापूर बघितल्यासारखं वाटत नाही काकू, माझंच काही चुकतंय का" असं तू विचारतेस. खाली पुढची यादी दिली आहेस. विजापूर, कलबुर्गी, बिदर, बदामी, हंपी. प्रत्येकाला दोन दिवस. नवी नोकरी जानेवारीच्या शेवटी सुरू होणार, तोवर सगळं बसवायचं.

यादी बाजूला ठेव. त्यातलं एकच गाव निवड आणि आहेत तेवढे दिवस तिथेच राहा. मी सोलापूरची म्हणून सोलापूर म्हणेन. तुला विजापूर हवं तर विजापूर. पण एकच. आणि त्या गावातही सगळीकडे फिरू नकोस. एक पेठ धर, तिच्यातल्या चार-पाच जागा धर, आणि त्याच जागी, जमलं तर त्याच वेळी, परत जा. मला सांगायचं आहे ते एवढंच. तू ते सहज मान्य करणार नाहीस, म्हणून बाकीचं पत्र.

हे मला १९९१ च्या जनगणनेनं शिकवलं. आम्हा शिक्षकांना तेव्हा काम लागलं आणि माझ्या वाट्याला पूर्व भाग आला. मी बाळीवेशीकडे वाढलेली. साखर पेठ, दाजी पेठ, कन्ना चौक ही नावं रोजच्या बोलण्यातली, पण तिथल्या घरांच्या आत मी कधी गेले नव्हते. जनगणना एका खेपेत होत नाही. आधी घरांची यादी, मग फेब्रुवारीत दारोदार माणसांची मोजणी, मग मार्च लागताच पुन्हा एक फेरी, मधल्या दिवसांत कोणी जन्मलं का, कोणी गेलं का ते बघायला. पहिल्या खेपेला दारात उभ्यानं उत्तरं मिळाली. नाव, वय, मातृभाषा तेलुगू, काम विणकाम. दुसऱ्या खेपेला बसायला सतरंजी आली. तिसऱ्या खेपेला एका घरातल्या आजी म्हणाल्या, "बाई, परत आलाव की!" आणि मग बोलतच राहिल्या. सासऱ्यांनी दुष्काळात तेलंगणातलं गाव कसं सोडलं, मिलच्या भोंग्यावर घरातली चूल कशी पेटायची, हातमाग जाऊन यंत्रमाग आला तेव्हा घरात अंथरूण पसरायला जागा कशी उरली नाही. यातलं काहीही माझ्या तक्त्यात भरायचं नव्हतं. मी वेगळं काही विचारलंही नव्हतं. फक्त परत गेले होते.

आता तुझे दोन दिवस बघ. चादर घ्यायला तू दुकानात गेलीस. कारखान्यात गेली असतीस तरी पहिल्या दिवशी खडखडाटाखेरीज काही कळलं नसतं. कानाला दडे बसतात आणि जो तो आपल्या मागावर. पण दुसऱ्या दिवशी परत गेलीस तर मागाच्या डोक्यावर सरकणारी, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची लांबच लांब माळ दिसेल. ते जॅकार्ड, नक्षी विणवणारी यंत्रणा. आणखी दोन दिवसांनी कोणीतरी आपणहून दाखवेल की एकेक पुठ्ठा म्हणजे नक्षीतली एकेक ओळ. जिथे भोक असेल तिथला हूक उचलला जातो, ताण्याचा, म्हणजे उभा, तेवढा धागा वर येतो आणि त्याच्या खालून बाण्याचा, म्हणजे आडव्या धाग्याचा, धोटा पळतो. मग तू तुझी चादर उलटून बघशील आणि मागच्या बाजूलाही तीच नक्षी, फक्त रंगांची अदलाबदल झालेली, हे कसं होतं ते तुला कळेल. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, हे तू पाटीवर वाचून मला कौतुकानं सांगितलंस. खरंच आहे ते. पण मग आज चादरीपेक्षा टॉवेलचेच माग जास्त का चालतात, हे पाटी सांगत नाही. कारखान्याचा मालक सांगेल, पण ओळख झाल्यावर, चहा पिताना. त्या चहापर्यंत पोचायचं असेल तर परत जावं लागतं.

विडीचंही तसंच. पूर्व भागात दुपारी कुठल्याही ओट्यावर बायका मांडीवर सूप घेऊन बसलेल्या दिसतील. भिजवलेलं पान मापानं कापायचं, तंबाखू पसरायची, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. तू पाच मिनिटं उभी राहिलीस, फोटो काढलास आणि "हात किती भरभर चालतात" असं लिहिलंस. पोरी, ते हात भरभर चालतात कारण मजुरी हजार विड्यांवर ठरते. तुझ्या प्रश्नासाठी कोणी मान वर केली की तेवढ्या विड्या कमी. म्हणून जाशील तेव्हा त्यांचं काम थांबवू नकोस, बाजूला बस, त्या बोलतील तेव्हा बोल, आणि माल मोजून द्यायच्या वेळी तर तिथे थांबूच नकोस. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाची विडी कामगार बायकांची दहा हजार घरकुलांची वसाहत आहे. बघायला गेलीस तर बाहेरून घरंच घरं दिसतील. त्या घरांसाठी कोण कोण मोर्च्यात चालल्या, हे सांगणारी बाई एखाद्या दारात नक्की भेटेल, पण अनोळखी पोरीला ती पहिल्या दिवशी सांगणार नाही, आणि का सांगावं?

"पण रोज तिथेच जाऊन मी करू काय?" असं तू लिहितेस. मला या प्रश्नाचा राग येतो, खरं सांगते. तुमच्या पिढीला प्रत्येक तासाचं काहीतरी करून दाखवायचं असतं. पेठेत राहणारी माणसं रोज काय करतात? पाणी भरतात, भाजी आणतात, देवाला जातात, कामाला जातात. ते कर. लक्ष्मी मंडईत सकाळी एकाच भाजीवालीकडे जा. ती बाजूच्या बाईशी कानडीत बोलेल, गिऱ्हाइकाशी मराठीत, पलीकडच्याशी दखनी उर्दूत. आठवडाभरात तू कुठल्या भाषेत हो म्हणायचं ते शिकशील. ज्वारीची कडक भाकरी बाजारातून विकत घेऊ नकोस, कुठल्या तरी चुलीपाशी बसून थापली जाताना बघ. इतकी पातळ की तव्यावरून काढल्यावर वाळून पापडासारखी होते आणि दिवसेंदिवस टिकते. शेंगाचटणी कुटताना किती वेळ लागतो तेही बघ. शेंगदाण्याला तेल सुटेपर्यंत मुसळ थांबत नाही. मिक्सरची चटणी कोरडी राहते, तू नेलीस ती तशीच आहे, हे मला डबा बघताच कळलं होतं.

एकटी मुलगी रोज तिथे दिसली तर लोक काय म्हणतील, ही तुझी दुसरी भीती. ती मी हसण्यावारी नेणार नाही. पहिले दोन दिवस बघतील. मग कोणी विचारेल, "कुणाकडं आलाव?" तेव्हा माझं नाव सांग. नाव सांगितल्यावर चौकशा वाढतील. लग्न, जात, पगार, सगळं विचारतील. जेवढं सांगावंसं वाटेल तेवढं सांग, पण उत्तर द्यायचं टाळून निघून जाऊ नकोस. दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते आपल्याला कळावं असं वाटत असेल, तर आपलं थोडं सांगावंच लागतं.

आता विजापूरबद्दल. इथून शंभर किलोमीटर. शाळेच्या सहली घेऊन मी पुन्हा पुन्हा गेले. मुहम्मद आदिलशहाची कबर, गोल घुमटाच्या सज्जात पोरांच्या आरोळ्या आणि त्यांचे घुमणारे आवाज, मग इब्राहिम रोझा, मग मलिक-ए-मैदान तोफ, झाडाखाली डबे, दिवेलागणीला बस. तिथल्या इमारतींवर मी आजही न बघता तास घेईन. पण त्या गावात असं एक घर नाही जिथे मी दार वाजवू शकेन. बाजारातल्या एका माणसाला माझा चेहरा ओळखीचा नाही. निवृत्तीनंतर महिनाभर तिथे खोली घेऊन राहायचं ठरवलं होतं, तेव्हा गुडघ्यांनी साथ सोडली. ही हळहळ मला आहे, आणि तुझी यादी वाचून ती पुन्हा वर आली.

माझ्या बहिणी युरोप करून आल्या. मला म्हणतात, तू सोलापूर सोडून काय पाहिलंस? मी त्यांना उत्तर देत नाही, तुला देते. सिद्धेश्वर म्हणजेच संत सिद्धरामेश्वर. त्यांनी बाराव्या शतकात या गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली असं परंपरा सांगते. ती लिंगं आज गल्लीबोळांत, वस्त्यांच्या आत आहेत. पाय चालत होते तोवर मी ती हिंडले, एका दिवसात सगळी नाही, आज ही दोन, पुढच्या सोमवारी ती तीन, आणि पुन्हा तीच. त्यामुळे या गावात कुठल्या वळणावर सावली आहे, कुठल्या घरची सून कुठून आली, कुठला वाडा पाडून तिथे गाळे झाले, हे मला ठाऊक आहे. मी कमी पाहिलं असं मला कोणी पटवू शकलेलं नाही. आणि हे मी म्हातारपणाची समजूत म्हणून लिहीत नाही, तरुण असतानाही हेच म्हणत होते.

म्हणून सोलापूरच निवडशील तर ऐक. सिद्धेश्वराची यात्रा बघायची म्हणून यात्रेच्या दिवशी येऊ नकोस. आत्ताच ये, डिसेंबर संपायच्या आत. संध्याकाळनंतर नंदीध्वजांचा, म्हणजे यात्रेत मिरवायच्या उंच काठ्यांचा, सराव चालू असतो, तो बघायला जा. एवढी उंच काठी एकटा माणूस कमरेच्या आधारावर उभी पेलून चालतो, तोल जातो, सावरतो, दुसरा पुढे होतो. रोज जा. सात नंदीध्वज आहेत आणि त्यांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे आहेत, हे तुला कोणी समजावून द्यावं लागणार नाही. मग १२ जानेवारीला सकाळी चार हुतात्मा चौकात जा. त्या चौकातून तू रिक्षानं तीनदा गेलीस आणि एकदाही उतरली नाहीस. मे १९३० मध्ये या गावानं इंग्रजांचा अंमल काही दिवस झुगारला, मग मार्शल लॉ आला, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. पेठांतून हिंडून झाल्यावर ही चार नावं एकत्र वाच. कुठल्या घरांतून, कुठल्या भाषांतून ती माणसं आली असतील ते तुझं तुला दिसेल.

त्यानंतर लगेच, संक्रांतीच्या सुमारास, यात्रा. पहिल्या दिवशी नंदीध्वज अडुसष्ट लिंगांना तेल घालायला निघतात. दुसऱ्या दिवशी सम्मती कट्ट्यापाशी अक्षता. सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचा हट्ट धरलेल्या कुंभारकन्येला त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायला सांगितलं, त्याचा तो सोहळा. बाराबंदी घातलेल्या माणसांनी मैदान पांढरं होतं आणि लाखभर हात एकदम वर जातात. सरावाला रोज गेली असशील तर त्या गर्दीत काठी पेलणारा माणूस तुला नावानं माहीत असेल, त्याचा खांदा गेल्या आठवड्यात दुखत होता हेही माहीत असेल. नसशील गेली, तर एक छान व्हिडिओ मिळेल.

आमच्याकडे उतरू नकोस. इथे राहिलीस तर मी तुला वाढत बसेन आणि तू पाहुणी होशील. दाजी पेठेत माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या माडीवर खोली आहे. खाली माग आहेत, दिवसा झोप लागणार नाही. नळाला रोज पाणी येत नाही, येईल त्या दिवशी तूही बादली घेऊन खाली उतरायचं. गच्ची सामायिक आहे. शेजारच्या घरात संध्याकाळी पोरांचा अभ्यास चालतो, इंग्रजी शिकवलंस तर त्यांना हवंच आहे, पण एकदा सुरू केलंस तर मध्ये सोडायचं नाही.

विजापूर निवडलंस तरी कळव, तिथली कोणी भेटते का ते शोधेन. सोलापूर असेल तर येत्या रविवारपर्यंत सांग, म्हणजे मी खोलीचं बोलून ठेवते. भाडं मी महिन्याचंच ठरवणार आहे.

तुझी,
काकू