'नक्की काढायचं?' ही चौकट कधी बंद करावी

मेल काढताना येणाऱ्या खात्रीच्या चौकटीबद्दल वाचकांनी बरंच विचारलं आहे. कोणाला ती नकोशी झाली आहे, कोणी ती बंद करून बसलं आहे आणि आता परत हवी आहे. निवडक प्रश्नांची उत्तरं देत आहोत. मेनूंची नावं पडद्यावर इंग्रजीत दिसतात, ती इथे देवनागरीत दिली आहेत.

प्रश्न : ऑफिसमध्ये आउटलुक वापरते. शिफ्ट आणि डिलीट दाबून मेल काढताना दर वेळी 'कायमचं काढायचं का?' असं विचारलं जातं. आठवड्याला दोन-तीनशे मेल साफ करायचे असतात. हे विचारणं बंद कसं करायचं? केलं तर काही धोका आहे का?

आधी एक बघा. ही चौकट दर मेलला येत नाही, बटण जितक्या वेळा दाबाल तितक्या वेळा येते. पहिल्या मेलवर क्लिक करा, मग शिफ्ट धरून शेवटच्या मेलवर क्लिक करा आणि मग काढा. तीनशे मेलना एकदाच विचारलं जाईल. यादी पाठवणाऱ्याच्या नावानुसार लावून घेतली तर नको असलेले मेल आपोआप एका गठ्ठ्यात येतात. बऱ्याच जणांचा त्रास इथेच संपतो आणि काही बंद करायची गरज उरत नाही.

तरीही बंद करायचीच असेल तर क्लासिक आउटलुकमध्ये (संगणकावरचं जुनं आउटलुक, 'न्यू आउटलुक' नव्हे) 'फाइल', मग 'ऑप्शन्स', मग डाव्या बाजूचं 'ॲडव्हान्स्ड' उघडा. खाली सरकत 'अदर' या भागापर्यंत या. तिथे 'प्रॉम्प्ट फॉर कन्फर्मेशन बिफोर परमनंटली डिलिटिंग आयटम्स' असं लिहिलेलं आहे. त्याच्यापुढची टिक काढा आणि 'ओके' दाबा. ही ओळ फिकट दिसत असेल आणि टिक हलतच नसेल, तर ऑफिसच्या आयटी विभागाने ती धोरण म्हणून बांधून ठेवलेली असते. ती त्यांच्याकडूनच सुटेल.

आता धोका. ही एकच टिक तीन ठिकाणचं विचारणं ठरवते : शिफ्ट-डिलीट, 'डिलिटेड आयटम्स'मधून काढणं आणि आउटलुक बंद होताना तो फोल्डर रिकामा होणं. तिसरं कोणाच्या लक्षात येत नाही. त्याच 'ॲडव्हान्स्ड' पानावर वरच्या बाजूला, 'आउटलुक स्टार्ट अँड एक्झिट' या भागात, 'एम्प्टी डिलिटेड आयटम्स फोल्डर्स व्हेन एक्झिटिंग आउटलुक' अशी दुसरी टिक असते. ती चालू असेल आणि तुम्ही खात्रीची टिक काढली, तर संध्याकाळी आउटलुक बंद करताच 'डिलिटेड आयटम्स' एक शब्दही न विचारता साफ होतं. 'बघू नंतर, सध्या कचऱ्यात राहू दे' म्हणून तिथे महत्त्वाचे मेल ठेवण्याची सवय अनेकांना असते. तशी सवय असेल तर आधी ते मेल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा. ही दुसरी टिक बंद असल्याची खात्री करा आणि मगच पहिलीला हात लावा.

एक दिलासा आहे. खातं एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा ऑफिससाठीचा मेल सर्व्हर) किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ वर असेल, तर कायमचा काढलेला मेलही काही दिवस सर्व्हरवर राहतो. 'फोल्डर' टॅबवरच्या 'रिकव्हर डिलिटेड आयटम्स'मधून तो परत आणता येतो. मायक्रोसॉफ्ट ३६५ वर ही मुदत मूळची १४ दिवसांची असते आणि प्रशासकाला ती ३० दिवसांपर्यंत वाढवता येते. पॉप खात्याचे, म्हणजे सर्व्हरवरून संगणकावर उतरवून घेतले जाणारे, मेल तुमच्याच संगणकावरच्या पीएसटी फाइलमध्ये असतात, त्यांना ही सोय नाही. तुमचं खातं पॉप असेल तर खात्रीची चौकट चालूच राहू द्या, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे.

प्रश्न : ती टिक काढली, तरी आउटलुकमध्ये फोल्डर काढताना विचारणा येतेच. ती कुठून बंद होते?

ऑप्शन्समधल्या कुठल्याच टिकने ती जात नाही. फोल्डरबरोबर आतले सगळे मेल आणि उपफोल्डर जातात, तेव्हा ती असणंच बरं. सवय असावी ती साध्या डिलीटची : त्यात मेल फक्त 'डिलिटेड आयटम्स'मध्ये जातो, म्हणून तिथे आउटलुक विचारतही नाही, आणि चूक झाली तर कंट्रोल आणि झेड दाबून तो लगेच परत येतो.

प्रश्न : थंडरबर्ड या मेल प्रोग्राममध्ये अशाच चौकटीवर चुकून 'डोन्ट आस्क मी अगेन'वर टिक केली. आता ती परत हवी आहे. सेटिंग्जमध्ये कुठेच सापडत नाही.

नेहमीच्या सेटिंग्जमध्ये ती नाहीच. 'सेटिंग्ज'मधलं 'जनरल' पान अगदी तळापर्यंत खाली न्या, तिथे 'कॉन्फिग एडिटर'चं बटण आहे. सावधगिरीची सूचना आली तर ती स्वीकारा. वरच्या शोधपट्टीत रोमन लहान अक्षरांत 'मेल.वॉर्न_ऑन' टाइप करा, दोन शब्दांच्या मध्ये अंडरस्कोअर. जी यादी येईल तिच्यातल्या तीन ओळी आपल्या कामाच्या.

शेवटी 'शिफ्ट_डिलीट' असलेली ओळ शिफ्ट-डिलीटच्या वेळी विचारायचं की नाही ते ठरवते. 'डिलीट_फ्रॉम_ट्रॅश' असलेली ओळ ट्रॅशमधून काढण्यापुरती. तिसरी 'कोलॅप्स्ड_थ्रेड_ऑपरेशन'ची. ज्या ओळीपुढे 'फॉल्स' असेल तिथे विचारणं बंद आहे. ओळीवर डबलक्लिक केलं की 'ट्रू' होतं आणि चौकट परत येते. ज्यांना बंद करायची आहे त्यांनी उलट करावं. ट्रॅश एकदम रिकामा करतानाची विचारणा मात्र वेगळ्या नावाखाली आहे : 'मेलन्यूज.एम्प्टीट्रॅश.डोन्टआस्कअगेन'. नावातच 'विचारू नका' आहे, म्हणून इथे अर्थ उलटा, 'ट्रू' म्हणजे विचारणं बंद. शोधताना 'एम्प्टीट्रॅश' एवढं टाइप केलं तरी पुरतं.

हा बदल त्या प्रोफाइलपुरताच (थंडरबर्डच्या सेटिंग्ज आणि मेल यांच्या संचापुरताच) असतो. दुसऱ्या संगणकावर तो पुन्हा करावा लागतो.

वरच्या तीन ओळींपैकी पहिल्या दोन बंद करायला हरकत नाही. तिसरी बंद करू नका. संवादाची साखळी मिटलेली असते तेव्हा यादीत एकच ओळ दिसते. तिच्या पोटात पंधरा मेल असू शकतात, आणि डिलीट दाबलं की पंधराही जातात. दिसतंय एक आणि जातंय भलतंच, असा हा प्रसंग आहे, आणि नेमकं तिथेच ही चौकट थांबवते.

आणखी एक जागा तपासा. 'अकाउंट सेटिंग्ज'मधल्या 'सर्व्हर सेटिंग्ज'मध्ये, आयमॅप खात्यासाठी (ज्याचे मेल सर्व्हरवरच राहतात), मेल काढल्यावर काय करायचं याचे तीन पर्याय असतात : ठरलेल्या फोल्डरमध्ये हलवणं, फक्त काढल्याची खूण करणं, किंवा लगेच नाहीसा करणं. तिसरा पर्याय निवडलेला असेल तर ट्रॅशचा आधारच उरत नाही. त्यावर खात्रीची चौकटही बंद केली तर बोट घसरलं की मेल गेला. पहिला पर्याय ठेवा. दुसऱ्यात मेल यादीतच राहतो, फक्त खूण झालेला. फोल्डर कॉम्पॅक्ट होईपर्यंत, म्हणजे खूण केलेले मेल खरे पुसले जाईपर्यंत, तो सर्व्हरवरही असतो, त्यामुळे 'इथे काढला तरी फोनवर दिसतोच' अशी तक्रार बहुतेक वेळा इथून निघते.

प्रश्न : थंडरबर्डची चौकट बंद केली होती. पॉप खात्याच्या इनबॉक्समधले चाळीसेक मेल शिफ्ट-डिलीटने गेले. विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये नाहीत. काही उपाय?

रिसायकल बिनमध्ये ते कधीच जात नाहीत. तिथे फाइली जातात, आणि थंडरबर्डमध्ये एक मेल म्हणजे एक फाइल नसते. मूळ मांडणीत अख्खा इनबॉक्स ही एकच लांबलचक मजकूरफाइल असते, त्यात मेल एकापाठोपाठ लिहिलेले असतात. मेल काढला की फक्त त्याच्या डोक्यावरची एक खूण बदलते, मजकूर जागेवरच असतो. फोल्डर 'कॉम्पॅक्ट' झाला की तो खरा पुसला जातो. म्हणून पहिलं काम : कॉम्पॅक्ट करू नका, आणि थंडरबर्डने स्वतःहून विचारलं तरी नाही म्हणा.

मग 'हेल्प'मधल्या 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन'मधून प्रोफाइलचा फोल्डर उघडा आणि थंडरबर्ड पूर्ण बंद करा. 'मेल' या फोल्डरात तुमच्या खात्याचा फोल्डर आहे, त्यात 'इनबॉक्स' नावाची, पुढे काहीच एक्स्टेन्शन नसलेली फाइल. तिची प्रत दुसरीकडे काढून ठेवा. प्रत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मूळ फाइल मोठ्या फाइली पेलणाऱ्या साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा, वर्डमध्ये नको. हरवलेल्या मेलचा विषय किंवा पाठवणाऱ्याचा पत्ता शोधा. विषय मराठीत असेल तर तो फाइलमध्ये बहुधा सांकेतिक रूपात असतो आणि तसा शोधून सापडत नाही, तेव्हा पत्त्यानेच शोधा. त्या मेलच्या सुरुवातीला 'एक्स-मोझिला-स्टेटस' अशी ओळ असते, तिच्यापुढे चार अंक. ०००१ म्हणजे वाचलेला, ०००२ उत्तर दिलेला, ०००४ तारा लावलेला, ०००८ काढलेला, आणि यांची बेरीज तिथे लिहिलेली असते. वाचून काढलेल्या मेलवर ०००९ दिसतं. त्यातून ८ वजा करा : ०००९ चं ०००१, ०००८ चं ००००. ही संख्या सोळा पायाची आहे, म्हणून शेवटी 'ए' असेल तर ते १० आणि 'बी' म्हणजे ११. वाचून, उत्तर देऊन काढलेल्या मेलवर '०००बी' असतं, त्याचं ०००३ होईल. चार अंकांच्या जागी चारच ठेवा, आसपास काही हलवू नका. शेजारीच 'स्टेटस२' नावाची ओळ असते, तिला हात लावायचा नाही.

फाइलमध्ये पूर्वी काढलेले जुने मेलही सापडतील, त्यामुळे सरसकट 'सगळीकडे बदला' करू नका. नाही तर कित्येक महिन्यांचा कचरा इनबॉक्समध्ये परत येईल.

फाइल सेव्ह करा. त्याच फोल्डरातली 'इनबॉक्स.एमएसएफ' ही अनुक्रमणिकेची फाइल काढून टाका आणि थंडरबर्ड सुरू करा. अनुक्रमणिका नव्याने बनते आणि मेल दिसू लागतात. फोल्डर आधीच कॉम्पॅक्ट झाला असेल तर मात्र संगणकाचा जुना बॅकअप हाच मार्ग.

प्रश्न : फोनवर हीच विचारणा कुठे बंद होते?

आयफोनवर 'सेटिंग्ज'मध्ये 'मेल'मध्ये 'आस्क बिफोर डिलिटिंग' आहे. आयओएस १८ पासून 'मेल'पर्यंत जायला आधी 'ॲप्स' उघडावं लागतं. अँड्रॉइडच्या जीमेलमध्ये तीन आडव्या रेघा, 'सेटिंग्ज', 'जनरल सेटिंग्ज' आणि तिथे 'कन्फर्म बिफोर डिलिटिंग'. जीमेलमध्ये ती निर्धास्तपणे बंद करा : काढल्यावर काही क्षण 'अनडू' दिसतं, आणि मेल ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतो.

प्रश्न : टर्मिनलवर मट हा मेल प्रोग्राम वापरतो. बाहेर पडताना 'काढलेले मेल पुसू का' असं दर वेळी विचारतो.

मटच्या सेटिंग्जच्या 'मटआरसी' फाइलमध्ये रोमन अक्षरांत 'सेट डिलीट=येस' ही ओळ घाला. मटमध्ये डी दाबल्यावर मेलपुढे फक्त खूण होते. तो खरा पुसला जातो बाहेर पडताना किंवा डॉलरचं चिन्ह दाबून पेटी अद्ययावत करताना. तोपर्यंत त्या मेलवर येऊन यू दाबलं की खूण निघते. ओळ घातल्यावर मात्र क्यू दाबून बाहेर पडण्याआधी यादीतल्या खुणांवर नजर टाका, किंवा एक्स दाबून बाहेर पडा : तेव्हा काहीच बदल न होता मट बंद होतो.