डॉक्टर-संशोधक माणूस राष्ट्रीय राजकारणात गेला तर त्याच्या डॉक्टरकीचा खरंच काही फायदा होतो का?

होतो, पण फक्त त्याच्या स्वतःच्या विषयात, बाकी ठिकाणी तो इतर पुढाऱ्यांसारखाच पुढारी. सगळ्यात चांगलं उदाहरण उरुग्वेचे ताबारे वास्केस. हे कॅन्सरचे डॉक्टर, रेडिओथेरपीचे प्राध्यापक, आधी राजधानी मोंतेविदेओचे महापौर झाले आणि मग 2005 ला थेट राष्ट्राध्यक्ष. वर्षभरात, मार्च 2006 मध्ये, त्यांनी बंदिस्त सार्वजनिक जागांमध्ये सिगारेट बंद केली, पुढे पाकिटाच्या 80 टक्के भागावर इशारा आणि एका ब्रँडचं एकच व्हर्जन असा नियम आला, म्हणजे 'लाइट' बिइट नावांनी गिऱ्हाईक गंडवायचा धंदाच संपला. फिलिप मॉरिस या बड्या सिगारेट कंपनीने 2010 ला उरुग्वेवर आंतरराष्ट्रीय लवादात केस टाकली, छोटा देश, घाबरेल असं वाटलं असणार. 2016 ला कंपनी हरली, वर उरुग्वेच्या खर्चापोटी 70 लाख डॉलर भरायचा आदेश. निकालपत्र सगळ्यांसाठी खुलं आहे, त्यात लवादाने धोरणामागचा वैद्यकीय पुरावा ग्राह्य धरलेला दिसतो, म्हणजे माझं मत बाजूला ठेवलं तरी चालेल.

फक्त एक गोष्ट, डॉक्टर आहे म्हणून प्रत्येक निर्णय शास्त्रीयच असेल असं धरून चालू नका. याच वास्केस यांनी 2008 मध्ये संसदेने मंजूर केलेली गर्भपाताची तरतूद व्हेटो करून अडवली, त्यांच्याच पक्षाच्या खासदारांनी आणलेली, आणि तो कायदा शेवटी 2012 ला दुसऱ्या राष्ट्राध्यक्षांच्या काळात झाला.